दोन वर्षांची रजा

१९६६ साल सरता सरता विक्रोळीला, गोदरेजच्या वसाहतीत, एक अमेरिकन बाई राहायला आल्या. वय ६८. पेशाने नर्स. नवऱ्याला जाऊन तेरा वर्षं झालेली, चारही मुलं आपापल्या संसाराला लागलेली. गावी भुईमुगाचा व्यापार, घरदार, मोटार, नातवंडं. हे सगळं मागे ठेवून बाई दोन वर्षांसाठी मुंबईच्या एका उपनगरात काम करायला आल्या होत्या. त्यांना इथे कुणी ओळखत नव्हतं आणि ओळखावं असं काही कारणही नव्हतं. त्यांचा थोरला मुलगा त्याच वर्षी जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरपदासाठी उभा राहून पक्षांतर्गत निवडणुकीतच हरला होता. हा मुलगा पुढे दहा वर्षांनी अमेरिकेचा अध्यक्ष म्हणून निवडून येईल, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बाईंनाही हसू आलं असतं.

त्यांचं नाव लिलियन कार्टर. गावात त्यांना सगळे ‘मिस लिलियन’ म्हणत.

चालू आयुष्यातून दोन-एक वर्षं बाजूला काढायची, परदेशी जायचं, तिथं काम करायचं, तिथल्या माणसांत राहायचं आणि परत यायचं. याला आज ‘करिअर ब्रेक’ असं नाव आहे. हा शब्द ऐकला की डोळ्यांपुढे पाठीवर मोठी पिशवी लावलेला पंचविशीतला गोरा तरुण येतो. म्हणूनच मला या विषयाकडे मिस लिलियनच्या बाजूने पाहावंसं वाटतं. अशी रजा कुणाला मिळते, ती कुणाच्या जिवावर मिळते, आणि त्या रजेतून शेवटी कुणाच्या पदरात काय पडतं, हे तीनही प्रश्न त्यांच्या गोष्टीत आहेत.

आधी थोडा इतिहास. हौसेखातर परदेशी फिरणं ही फार काळ श्रीमंतांचीच गोष्ट होती. इंग्लंडातल्या सरदार-जमीनदारांची मुलं शिक्षण संपलं की वर्ष-दोन वर्षं फ्रान्स-इटली पालथी घालून येत. बाकीचे समुद्र ओलांडत ते पोटासाठी, धर्मप्रसारासाठी किंवा राज्य करण्यासाठी. आपल्याकडे तर एकोणिसाव्या शतकात समुद्र ओलांडणाऱ्याला परत आल्यावर प्रायश्चित्त घ्यायला लावत. त्यातूनही जे गेले ते बॅरिस्टर व्हायला, डॉक्टर व्हायला, म्हणजे परत आल्यावर उपयोगी पडेल अशी पदवी आणायला. काम करायला जायचं, तेही तिथल्या माणसांच्या पगारावर आणि तिथल्या माणसांच्या हाताखाली, ही कल्पना दुसऱ्या महायुद्धानंतरची आहे.

तिची एक सुरुवात ऑस्ट्रेलियात झाली. १९५१ मध्ये हर्ब फीथ नावाचा मेलबर्नचा तरुण पदवीधर नव्याने स्वतंत्र झालेल्या इंडोनेशियात गेला आणि तिथल्या माहिती खात्यात, तिथल्याच वेतनावर, नोकरीला लागला. गोरा माणूस स्थानिक पगारावर काम करतो आणि स्थानिकांसारखा राहतो, हे त्या काळात नवलाचं होतं. त्याच्या पाठोपाठ आणखी पदवीधर गेले आणि त्याची योजनाच झाली. ब्रिटनमध्ये १९५८ साली अलेक डिक्सन आणि त्यांच्या पत्नी मोरा यांनी ‘व्हॉलंटरी सर्व्हिस ओव्हरसीज’ ही संस्था काढली. सुरुवातीला तिथे शाळा संपवून विद्यापीठात जाण्याआधीची अठरा वर्षांची मुलं घेत असत.

अमेरिकेतली गोष्ट मोठी नाट्यमय आहे. १४ ऑक्टोबर १९६० ची पहाट, रात्रीचे दोन वाजलेले. निवडणूक प्रचाराच्या धावपळीत जॉन केनेडी मिशिगन विद्यापीठात उशिरा पोचले. सुमारे दहा हजार विद्यार्थी त्यांची वाट पाहत थांबले होते. केनेडींनी तयार भाषण केलं नाही. तुमच्यापैकी किती जण आयुष्यातली काही वर्षं घानासारख्या देशात जाऊन काम करायला तयार आहात, असं त्यांनी सरळ विचारलं. विद्यार्थ्यांनी तो प्रश्न मनावर घेतला. सह्यांच्या मोहिमा सुरू झाल्या. केनेडी निवडून आले आणि १ मार्च १९६१ रोजी त्यांनी हुकूम काढून ‘पीस कोअर’ ही संघटना स्थापन केली. तिची सूत्रं त्यांचे मेहुणे सार्जंट श्रायव्हर यांच्याकडे गेली.

या संघटनेच्या अटी मुद्दाम सांगण्यासारख्या आहेत. सुमारे तीन महिने प्रशिक्षण, त्यात जिथे जायचं तिथली भाषा. मग दोन वर्षं काम. पगार नाही, फक्त तिथल्या राहणीला पुरेल एवढा निर्वाहभत्ता. पण काम केलेल्या प्रत्येक महिन्यामागे ७५ डॉलर संघटना बाजूला ठेवणार आणि परतल्यावर ते हातात देणार, म्हणजे आल्या आल्या पोटाची चिंता नको. वयाची खालची अट अठरा वर्षांची. वरची अट नाही.

श्रायव्हर १९६१ मध्ये दिल्लीला पंडित नेहरूंना भेटले. या भेटीची हकिकत श्रायव्हर यांनीच सांगून ठेवली आहे. नेहरूंनी तरुणांना पाठवायला संमती दिली, पण उत्साह फारसा दाखवला नाही. तुमच्या मुलांना आमच्याकडे शिकण्यासारखं बरंच काही मिळेल, असं ते म्हणाले. आणि पुढे अशा अर्थाचं बोलले की, ही मुलं परत निघतील तेव्हा पंजाब साधारण होता तसाच असेल, त्याचं त्यांना आणि तुम्हाला फार वाईट वाटू नये म्हणजे झालं. १९६१ अखेरीस पहिली तुकडी पंजाबातच आली.

नेहरूंचा हा शेरा बोचरा वाटेल, पण त्यात या सगळ्या प्रकाराचं मर्म आहे. बाहेरून दोन वर्षांसाठी आलेला माणूस एखादा देश बदलत नाही. देश त्याला बदलतो. मिस लिलियनच्या बाबतीत नेमकं हेच झालं.

आता त्यांच्याविषयी. जन्म १५ ऑगस्ट १८९८, जॉर्जिया राज्यातल्या रिचलंड या गावी. नर्सिंगचं शिक्षण जवळच्या प्लेन्स गावात सुरू झालं आणि १९२३ साली अटलांटाच्या ग्रेडी रुग्णालयात पुरं झालं. त्याच वर्षी अर्ल कार्टर यांच्याशी लग्न. अर्ल शेतकरी आणि दुकानदार. दक्षिणेकडचं हे खेडं, लोकसंख्या हजाराच्याही आत. काळ्या आणि गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या, देवळं वेगळी, दारंसुद्धा वेगळी. काळा माणूस गोऱ्याच्या घरी मागच्या दारानेच यायचा. लिलियन मात्र काळ्या शेजाऱ्यांच्या घरी जाऊन बाळंतपणं आणि दुखणी-खुपणी बघत. गावातल्या एका काळ्या बिशपांचा मुलगा त्यांना भेटायला यायचा तो पुढच्या दाराने. तेवढा वेळ अर्ल घरातून निघून जात. नवऱ्याला मोडायचं नाही आणि आपलंही सोडायचं नाही, असा तो संसार होता.

१९५३ मध्ये अर्ल कर्करोगाने गेले. तेव्हा थोरला मुलगा जिमी अमेरिकन नौदलात अधिकारी होता, अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुड्यांच्या नव्या कार्यक्रमात निवडला गेला होता. पुढे मोठं भविष्य होतं. ते सोडून तो गावी परतला आणि वडिलांचा व्यवसाय त्याने हाती घेतला. त्याची पत्नी रोझलिन या निर्णयावर फार नाराज होती. ही घटना लक्षात ठेवायला हवी. मुलाने आपली वाट सोडली आणि घर सांभाळलं, म्हणून तेरा वर्षांनी आईला घराबाहेर पडता आलं. असा हिशेब कुणी मांडून केला नव्हता, पण झालं तसंच.

वैधव्यानंतर लिलियन स्वस्थ बसल्या नाहीत. ऑबर्न विद्यापीठातल्या मुलांच्या एका वसतिगृहाच्या त्या गृहमाता झाल्या. नंतर काही काळ एक वृद्धाश्रम चालवला. १९६४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्यांनी लिंडन जॉन्सन यांच्या प्रचाराचं स्थानिक कार्यालय सांभाळलं. जॉन्सन यांनी काळ्यांना समान हक्क देणारा कायदा केला होता, त्यामुळे त्या भागात त्यांचं नाव घेणंही अवघड होतं. लिलियनबाईंच्या मोटारीची नासधूस झाली. त्यांनी काम सोडलं नाही.

आणि १९६६ मध्ये एका रात्री टीव्हीवर त्यांनी पीस कोअरची जाहिरात पाहिली. वयाची अडचण नाही, असं त्यात म्हटलं होतं. त्यांनी अर्ज केला. उष्ण हवेच्या, जिथे खरोखर गरज आहे अशा देशात पाठवा, असं सांगितलं. मुलांना कळवलं. मुलांनी आडकाठी केली नाही. वय लक्षात घेऊन संघटनेने त्यांची मानसिक तपासणीसुद्धा करून घेतली. मग शिकागो विद्यापीठात प्रशिक्षण. नातवंडं शाळेत जातात त्या वयात आजी मराठी शिकू लागली. वर्गात बाकी बहुतेक सगळी विशी-पंचविशीची मुलं.

त्या काळचा भारत कसा होता, तेही आठवावं. दोन वर्षं पाऊस नीट झाला नव्हता. बिहारमध्ये दुष्काळ. १९६६ च्या जूनमध्ये रुपयाचं अवमूल्यन झालेलं, चार रुपये शहात्तर पैशांचा डॉलर एका दिवसात साडेसात रुपयांना गेला. अमेरिकेतून पी.एल. ४८० खाली येणाऱ्या गव्हाच्या बोटींवर देशाची भूक भागत होती, आणि रेशनचा तो गहू खाताना त्याची चव आणि आपली लाचारी या दोन्हींबद्दल घराघरांत बोललं जात होतं. अशा वेळी पीस कोअरचे शेकडो अमेरिकन तरुण खेडोपाडी कोंबडीपालन, शेती, पोषण, आरोग्य अशी कामं करत होते. लोकसंख्या हा सरकारचा सर्वांत मोठा घोर होता. केंद्रात कुटुंबनियोजनाचं स्वतंत्र खातं १९६६ मध्येच निघालं. लाल त्रिकोण भिंतीभिंतींवर दिसू लागण्याचा हा काळ.

विक्रोळीची निवड त्यामुळेच झाली. गोदरेजने तिथे जमीन घेतली ती १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला. तेव्हा तो भाग म्हणजे मुंबईबाहेरचं रान. स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लाखो लोखंडी मतपेट्या बनवल्या गेल्या त्या याच विक्रोळीच्या कारखान्यात. हळूहळू कारखान्यांभोवती कामगारांच्या चाळी, शाळा, दवाखाना अशी वसाहत उभी राहिली. कुटुंबनियोजनाचा प्रचार करायला अशी बांधीव वस्ती सोयीची. लिलियनबाईंना आणि त्यांच्या एका समवयस्क सोबतिणीला तेच काम नेमून दिलेलं होतं.

ते काम त्यांना मानवलं नाही. घरोघर जाऊन लोकांना नसबंदीला तयार करायचं, ऑपरेशन झालेल्यांची काळजी घ्यायची. लोकांना पटवणं वेगळं आणि आकड्यांसाठी माणसं गोळा करणं वेगळं, हा फरक त्यांना टोचत होता. पुढे आणीबाणीत, १९७५ ते ७७ या काळात, या आकड्यांच्या हव्यासाचं काय झालं ते आपण पाहिलं आहे. त्याची बीजं एका परक्या म्हाताऱ्या नर्सला आठ-नऊ वर्षं आधी दिसत होती, असं म्हटलं तर फार वावगं होणार नाही.

सुटका झाली ती दवाखान्यामुळे. तिथे नर्सची गरज होती. सकाळपासून रांगा लागत. इंजेक्शनं, ड्रेसिंग, तापाची मुलं, खरूज, जंत. त्यांच्या हाताला हेच काम माहीत होतं. अनेक वर्षांनी आपण पुन्हा खऱ्या नर्स झालो, असं त्यांना वाटलं असणार.

दवाखान्यातली एक गोष्ट जिमी कार्टर यांनी पुढे सांगितली आहे. कुष्ठरोग झालेली एक लहान मुलगी उपचाराला आली. आयुष्यभर रुग्णसेवा केलेल्या लिलियनबाई या रोगाला मात्र घाबरल्या. तिला हात लावावा लागला, त्यानंतर त्यांनी आपले हात पुन्हा पुन्हा घासून धुतले. पण ती मुलगी येत राहिली. उपचार चालू राहिले. हळूहळू भीती गेली आणि त्या मुलीला जवळ घेण्याइतकी माया जडली. जिच्या घरी काळी माणसं पुढच्या दाराने येत, तिच्याही मनात एक मागचं दार शिल्लक होतं. ते विक्रोळीत उघडलं.

दुसरी गोष्ट भाजीची. निर्वाहभत्ता तुटपुंजा. पथ्य, परकं अन्न, उकाडा यांनी बाई वाळत चाललेल्या. वसाहतीतल्या माळ्याच्या मुलीला त्या वाचायला शिकवू लागल्या आणि माळी त्यांना ताजी भाजी देऊ लागला. कोण कुणाला मदत करत होतं, हे इथे ठरवता येत नाही. मला ही गोष्ट सगळ्यांत मोलाची वाटते, कारण इथे त्या कुणी मदतकर्त्या अमेरिकन राहिल्या नाहीत. शेजारीण झाल्या.

१५ ऑगस्ट १९६८ रोजी त्यांना सत्तर वर्षं पूर्ण झाली. बाहेर स्वातंत्र्यदिनाचं झेंडावंदन, आणि ही बाई घरी मुलांना पत्र लिहीत होती. ज्या माणसांवाचून आणि ज्या वस्तूंवाचून आपलं चालणार नाही असं आयुष्यभर वाटत होतं, त्या सगळ्यांपासून इतक्या दूर आल्यावर आपल्याला जगण्याचा अर्थ उमगला, असा त्या पत्राचा आशय आहे. हे वाक्य तरुणपणी लिहिलं तर भाबडं वाटतं. सत्तराव्या वर्षी, नवऱ्याला पुरल्यानंतर, चार मुलं वाढवल्यानंतर लिहिलं की त्याला वजन येतं.

एकवीस महिन्यांचं काम संपवून त्या परतल्या तेव्हा इतक्या अशक्त झाल्या होत्या की विमानतळावर त्यांना चाकाच्या खुर्चीतून न्यावं लागलं. पण थोड्याच दिवसांत त्या गावोगाव भाषणं देऊ लागल्या. विषय एकच, भारत. काळ्या-गोऱ्यांच्या भांडणात अडकलेल्या जॉर्जियाच्या खेड्यांतल्या शाळांत, चर्चमध्ये, महिला मंडळांत एक पिकली बाई विक्रोळीच्या दवाखान्यातल्या माणसांविषयी बोलत होती. पीस कोअरच्या तीन उद्दिष्टांतलं तिसरं उद्दिष्ट हेच होतं, की इतर देशांतल्या लोकांची ओळख अमेरिकनांना व्हावी. त्या उद्दिष्टाकडे फारसं कुणी लक्ष देत नसे. मिस लिलियनने ते एकटीने पार पाडलं.

पुढचा भाग अनेकांना ठाऊक असेल. १९७७ च्या जानेवारीत जिमी कार्टर अध्यक्ष झाले. पुढच्याच महिन्यात राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांचं निधन झालं, तेव्हा अमेरिकेच्या वतीने अंत्यविधीला आल्या त्या लिलियन कार्टर. त्या फेरीत त्यांनी विक्रोळीही गाठली. त्यांची भारतातून लिहिलेली पत्रं त्याच वर्षी पुस्तकरूपाने निघाली. जानेवारी १९७८ मध्ये कार्टर भारतात आले आणि संसदेत बोलताना त्यांनी आईच्या इथल्या दिवसांचा उल्लेख केला. १९८३ मध्ये मिस लिलियन गेल्या. २००६ साली, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, जिमी कार्टर स्वयंसेवकांबरोबर लोणावळ्याजवळ गरिबांसाठी शंभर घरं बांधायला आले होते. हातात हातोडी घेऊन म्हाताऱ्या वयात परक्या मुलखात काम करायचं असतं, हे त्यांनी कुठे पाहिलं होतं ते सांगायला नको.

हे झालं कौतुक. दुसरी बाजूही बघायला हवी. पीस कोअरमधून आलेले कितीतरी तरुण इतिहास किंवा साहित्य शिकलेले होते. ज्यांनी घरी कोंबडी फक्त ताटात पाहिली होती, ते इथे पिढ्यान्‌पिढ्या शेती करणाऱ्यांना सल्ला देत. हेरगिरीचा संशय कायम होता. शीतयुद्धाच्या राजकारणात ही संघटना अमेरिकेचा हसरा चेहरा होती, हेही खरं. १९७१ च्या युद्धात अमेरिकेने पाकिस्तानची बाजू घेतली, सातवं आरमार बंगालच्या उपसागरात आलं आणि त्यानंतर या मंडळींचं इथलं स्वागत आटलं. १९७६ मध्ये पीस कोअरचं भारतातलं काम थांबलं. पंधरा वर्षांत चार हजारांहून अधिक स्वयंसेवक येऊन गेले. भारताची शेती त्यांनी सुधारली नाही, लोकसंख्याही त्यांनी रोखली नाही. नेहरूंनी सांगितलं होतं तसंच झालं. परत जाताना ही माणसं जे घेऊन गेली, ते मात्र कुठल्या अहवालात मोजलेलं नाही.

आपली माणसं अशी कधी गेलीच नाहीत का? गेली. १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईच्या बंदरातून पाच डॉक्टर चीनला निघाले. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीसाठी काँग्रेसने ते पथक पाठवलं होतं. त्यात दोघे मराठी होते. नागपूरचे वयाने ज्येष्ठ डॉ. चोळकर आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, वय अठ्ठावीसच्या आत. कोटणीस पुढच्या शिक्षणाच्या तयारीत होते. ती तयारी बाजूला ठेवून ते गेले. त्यांचीही रजाच होती, संपली की परत यायचं होतं. चीनमध्ये असताना सोलापूरला वडील गेल्याची बातमी आली. परतावं की राहावं, हा प्रश्न पडला आणि ते राहिले. बाकीचे चौघे परत आले. कोटणीस तिथल्या बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले, तिथेच त्यांनी लग्न केलं, मुलगा झाला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच त्यांचा अंत झाला. व्ही. शांताराम यांच्या चित्रपटाने ती कहाणी घरोघरी नेली. पण सोलापूरच्या त्या घराने काय सोसलं, त्यावर चित्रपट निघाला नाही.

म्हणून मी सुरुवातीला म्हटलं की अशी रजा कुणाच्या जिवावर मिळते, हे विचारायला हवं. जाणारा जातो. मागे कुणीतरी थांबतं, घर चालवतं, म्हाताऱ्यांची औषधं आणतं, कर्जाचे हप्ते भरतं. प्लेन्समध्ये ते एका मुलाने केलं. सोलापूरला ते कोटणीसांच्या घरच्यांनी केलं. पीस कोअरसारख्या संघटनेने त्यातला थोडा भार उचलला, दरमहा ७५ डॉलर बाजूला ठेवून. जिथे असा भार उचलणारं कुणी नसतं, तिथे रजेचं स्वप्न मनातच राहतं.

१९७० च्या दशकात या कल्पनेला आणखी एक रूप आलं. १९७५ साली ऑस्ट्रेलियाने ब्रिटन, कॅनडा अशा देशांतल्या तरुणांसाठी काम करत फिरण्याचा व्हिसा सुरू केला. फळं तोडा, हॉटेलात भांडी घासा, मिळालेल्या पैशात देश बघा आणि घरी जा. त्यात सेवेचा आव नव्हता, हे एका परीने बरंच झालं. भारतीयांना मात्र हे दार जवळजवळ पन्नास वर्षं बंद होतं. आपण जायचं ते शिकायला, कायमचं राहायला किंवा आखातात राबायला. नुसतं वर्ष-दोन वर्षं राहून, काम करून, बघून परत यायला भारतीय माणूस येईल यावर कुणाचा विश्वास नव्हता.

ते दार आता किलकिलं झालं आहे. २०२३ मध्ये ब्रिटनने भारतीय तरुण पदवीधरांसाठी दोन वर्षांच्या व्हिसाची योजना सुरू केली, वर्षाला जास्तीत जास्त तीन हजार जागांची. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाने वर्षाला एक हजार जागा ठेवून तशीच योजना आणली. दोन्हीकडे वय अठरा ते तीस. खात्यात दोन-अडीच लाखांच्या वर शिल्लक दाखवायची. आणि अर्जदारांची निवड चिठ्ठ्या टाकून. एकशे चाळीस कोटींच्या देशात चार हजार जागा, त्याही नशिबावर.

चिठ्ठी निघाली तरी प्रश्न संपत नाहीत. आपल्याकडे बायोडाटामध्ये दोन वर्षांची मोकळी जागा दिसली की मुलाखत घेणाऱ्याच्या भुवया वर जातात. मुलगी असेल तर घरचे लग्नाचं वय काढतात. तिशी ओलांडली की व्हिसाची दारंही मिटतात, आणि तेव्हापासून साठीपर्यंत माणूस हप्ते, शाळेची फी आणि आई-वडिलांची आजारपणं यांत अडकलेला असतो. अनेक कचेऱ्यांच्या नियमांत बिनपगारी रजा असते, पण ती कुणी मागितली की साहेबाला वाटतं, हा नोकरी सोडायच्या बेतात आहे. थांबणं म्हणजे मागे पडणं, हा हिशेब आपण इतका पक्का करून ठेवला आहे की रजेचा विचार आला तरी माणसाला अपराधी वाटतं.

इथे मिस लिलियनची गोष्ट कामाला येते. त्या करिअरच्या सुरुवातीला गेल्या नाहीत, मध्यावर गेल्या नाहीत. लोक ज्या वयात देवळाच्या पायऱ्या मोजतात त्या वयात गेल्या आणि तरीही नवशिक्या म्हणून गेल्या. भाषा नवी, काम नावडतं, वरिष्ठ वयाने लहान. पहिल्या कामात जमलं नाही तर दुसरं शोधलं. माळ्याकडून भाजी घेतली. कुष्ठरोगाची भीती वाटली ती घरच्यांपासून लपवून ठेवली नाही. अशा रजेत उपयोगी पडते ती ही तयारी, पदवी आणि वय नंतर.

आज साठीला पोचलेली मराठी माणसं धडधाकट आहेत. बँकांतून, शाळांतून, इस्पितळांतून निवृत्त झालेली कितीतरी माणसं मुला-नातवंडांना भेटायला अमेरिका-ऑस्ट्रेलियाला जातात, सहा महिने खिडकीतून बर्फ किंवा रस्ता बघतात आणि कंटाळून परत येतात. त्यांच्या हातात चाळीस वर्षांचं कसब आहे. नेपाळला, भूतानला, आफ्रिकेतल्या एखाद्या देशाला ते हवंही असेल. त्यांना पाठवणारी, भाषा शिकवणारी, थोडा निर्वाहभत्ता देणारी आणि परत आल्यावर त्यांचं ऐकून घेणारी मोठी व्यवस्था आपण अजून उभारलेली नाही. तरुणांच्या बाबतीत निदान एवढं तरी करता येईल की, रजा घेऊन परतलेल्याला दारातच ‘किती कमावलंस?’ असं न विचारता तिथली माणसं कशी होती, हे आधी विचारावं.

ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाच्या या नव्या व्हिसांना अठरा ते तीस अशी अट आहे. तशीच अट १९६६ मध्ये पीस कोअरला असती, तर त्या रात्री टीव्हीपुढे बसलेल्या एका विधवेने जाहिरात पाहिली असती आणि दिवा मालवून ती झोपायला गेली असती. विक्रोळीत त्यामुळे फार काही अडलं नसतं. दवाखान्यात इंजेक्शन देणारी दुसरी कुणी नर्स मिळालीच असती. माळ्याच्या मुलीला मात्र वाचायला शिकवायला कोण आलं असतं, ते सांगता येत नाही.